पुष्पवृष्टीचे अकरा तास

अन्याय झाला तो कॅप्टन दिघे यांच्यावर. केव्हा, तर गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. सांताक्रूझ विमानतळावरच्या आमच्या कंपनीच्या हापिसात, मॅनेजरांच्या टेबलासमोर, उभं ठेवून. शेजारची खुर्ची रिकामी होती. बसा म्हणाले नाहीत. 'यंत्राच्या चाचणीच्या नावाखाली कंपनीचं विमान बाहेर नेलं, खाजगी कामं केली आणि उड्डाणाच्या तासांची मर्यादा मोडली' असं टाइप केलेला कागद त्यांच्या हातात दिला आणि आजपासून उडायचं नाही म्हणून सांगितलं. त्या कागदात एकही शब्द खरा नव्हता असं मी म्हणणार नाही. मर्यादा मोडली होती. बाकी सगळं खोटं.

मी तेव्हा त्याच खोलीत, पाच फुटांवर, माझ्या टेबलाशी बसलो होतो.

माझं वय पंचवीस. आठवणी लिहायचं हे वय नव्हे असं मी या अंकाच्या संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, "नोकरी गेली ना तुमची? मग झाल्या त्या आठवणी." आजवर मी जे काही लिहिलं ते एका पानाचं पत्रक, घाटकोपरच्या छापखान्यात छापलेलं आणि गेटवर वाटलेलं. त्यामुळे नमनाला घडाभर तेल घालणं मला जमत नाही. झालं ते सांगतो.

आमची कंपनी लहान. तीन डाकोटा विमानं, त्यांतून माल जायचा. कापडाच्या गाठी, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, एकदा सर्कशीतली दोन माकडं. शिवाय जुहूच्या धावपट्टीवर चार माणसांचं एक छोटं विमान, मालकांच्या हौसेचं. वैमानिक पाच. कोण कधी कुठे उडणार याचा तक्ता लावायचा आणि कोण किती उडाला याची वही ठेवायची, हे माझं काम. घाटकोपरहून साकीनाक्यावरून मी सायकल मारत यायचो. माझ्या गिरणीतल्या वडिलांना वाटे, पोरगा विमान कंपनीत आहे म्हणजे विमानातून फिरतो. चार वर्षांत मी एकदाच विमानात बसलो, तेही उभ्या असलेल्या. माकडं मोजायला.

विमान किती वेळ उडालं हे कसं मोजतात, विचारा कुणालाही. जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत, असंच सांगतील. चूक. उभ्या विमानाच्या चाकांना लाकडी ठोकळे लावलेले असतात. ते काढले की वेळ सुरू. परत येऊन ठोकळे लागले की वेळ बंद. मधलं सगळं वैमानिकाच्या अंगावर. आणि सरकारचा नियम असा, की सलग कुठल्याही तीस दिवसांत ठरलेल्या तासांपलीकडे वैमानिकाने उडायचं नाही. कंपनीच्या विमानात उडा, क्लबाच्या विमानात उडा, मित्राच्या विमानात हौस म्हणून उडा, सगळे तास एकाच बेरजेत. कारण डोळे तेच आणि डोकं तेच. बाहेर उडायचं तर कंपनीची परवानगी घ्यायची आणि तास कळवायचे. नियम चांगला आहे. मी त्याच्या बाजूचा माणूस आहे.

पण 'सलग कुठल्याही' हे दोन शब्द माझ्या आधीच्या कारकुनाने कधी वाचलेच नव्हते. तो एक तारखेपासून महिनाअखेरपर्यंत बेरीज मारायचा आणि पुढच्या महिन्याला नवं पान उघडायचा. मीही सुरुवातीला तेच केलं. म्हणजे एखाद्याला एका महिन्याच्या शेवटी आणि पुढच्याच्या सुरुवातीला सपाटून उडवला, माणूस पार मोडला, तरी वहीत दोन्ही महिने कसे निर्मळ!

कॅप्टन दिघ्यांशी माझी ओळख झाली ती या बेरजेवरून. बुटका, टकला माणूस. टोपी कायम एका कानावर. लढाईत ब्रह्मदेशातल्या जंगलावर तांदळाची पोती टाकत होता, आणि बोलताना अजूनही इंजिनाच्या वर आवाज काढायचा. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी वही उलटी फिरवली.

"तावडे, तुझ्या वहीत मी एकदम ताजातवाना दिसतोय रे. मग काल आमटीच्या ताटावर झोप कुणाला लागली? माझ्या सासऱ्याला?"

"साहेब, महिना संपला. बेरीज नवी सुरू झाली."

"शरीराला एक तारीख कळत नाही, बाबा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा आणला. त्याला मधोमध खिडकी कापली, वहीच्या बरोब्बर तीस ओळी दिसतील एवढी. "हा पानावर ठेव. रोज एक ओळ खाली सरकव. खिडकीत दिसतील तेवढ्याच तासांची बेरीज मार. महिना गेला उडत." नियमाचं पुस्तक मी तीनदा वाचलं होतं, पण नियम समजला तो त्या पुठ्ठ्यातून. पुढे मी तो पुठ्ठा दाखवून मॅनेजरांशी किती भांडलो! एका वैमानिकाची नागपूरची फेरी मी तीन तास जास्त भरत होते म्हणून काढून घेतली तेव्हा हापिसात सगळे म्हणाले, तावड्याच्या अंगात आलंय.

रविवारी कॅप्टन जुहूच्या क्लबात शिकाऊ लोकांना विमान शिकवत. फुकट. कंपनीची लेखी परवानगी होती. दर सोमवारी सकाळी खिशातून चिठ्ठी काढून माझ्या टेबलावर ठेवत, 'रविवार, दोन तास दहा मिनिटं.' एकदा चिठ्ठी विसरले तर अंधेरीहून परत आले. असा माणूस. चाचणीच्या नावाखाली विमान पळवणारा म्हणे!

आता फुलांकडे येतो.

मालकांच्या छोट्या विमानाची बातमी गिऱ्हाइकांत पसरली. कुणाच्या मुलीचं लग्न निघालं, कुणाच्या शाळेची कोनशिला निघाली, की आमचे मॅनेजर पानसेसाहेब यांच्याकडे शब्द टाकला जाई, की मांडवावर विमानातून फुलं पडली तर काय शोभा येईल! पानसेसाहेब मृदू माणूस. मोठ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. ते कॅप्टनना बोलवायचे. दुसरे चौघे डाकोटाच्या सवयीचे, झाडांच्या उंचीवर जायला तयार नसत. कॅप्टन एका पायावर तयार.

पुष्पवृष्टी खालून बघायला फार सोपी वाटते. आधी विमानाचं एक दार काढून ठेवावं लागतं. त्या दाराशी आमचा हमाल बाबीकाका बसायचा, कमरेला दोरी, दोरीचं टोक खुर्चीच्या पायाला. बाबीकाका मालवणचा, माझ्या वडिलांच्या गावापासून दोन कोसांवरचा, आणि देवाला सोडून कुणाला भीत नसे. फुलं अख्खी चालत नाहीत. त्या वेगाने आलेला झेंडू डोक्यात दगडासारखा बसतो. म्हणून पाकळ्या करायच्या. ओल्या पाकळ्यांचा गोळा होतो, म्हणून चादरीवर वाळवायच्या. आणि दारातून नुसत्या बाहेर फेकल्या तर वारा त्या सगळ्या आत आणून देतो. हे आम्हाला पहिल्या वेळी कळलं. बोरिवलीला निघालेली फुलं बरीचशी जुहूला परत आली. कॅप्टन उतरले तेव्हा त्यांच्या कानांत, टोपीत, शर्टात पाकळ्या. बाबीकाका तर समईसारखा पिवळा.

"तावडे," कॅप्टन म्हणाले, "नवरदेव मीच शोभतोय."

दुसऱ्या फेरीला बाबीकाकाने युक्ती काढली. पाकळ्या कागदी पिशवीत भरायच्या, हात दाराखाली नेऊन पिशवी फाडायची. पण बोरिवलीत त्या दिवशी मांडव निघाले दोन. बाबीकाका ओरडला, "कॅप्टनानु, खाली दोन मांडव आसत! खंयच्यार ओतूं?"

"ज्यात बँड वाजतोय त्यावर!"

"बँड दोनय ठिकाणी वाजता!"

"मग ज्याचा बरा वाजतोय त्यावर ओत रे!"

विमानाच्या आवाजात बँड कुठला ऐकू येणार? फुलं गेली शेजारच्या मांडवावर, तिथे मुंज होती. आमच्या गिऱ्हाइकाच्या व्याह्यांनी मान वर करकरून मानेला रग लावून घेतली. तिसरी फेरी मारावी लागली. लग्न तासभराचं, पुष्पवृष्टी अडीच तासांची. संध्याकाळी कॅप्टननी ही हकिगत हापिसात उभं राहून हातवाऱ्यांसकट सांगितली आणि हमालांपासून टायपिस्टपर्यंत सगळे पोट धरून हसलो. मीही हसलो. अडीच तास लिहायला वही उघडली.

"तावडे," पानसेसाहेब हळूच म्हणाले, "हे त्या वहीत नको. चाचणीच्या वहीत लिहा. यंत्राची चाचणी."

"पण साहेब, फुलं टाकली ना?"

"फुलं टाकताना इंजिन चालू होतं की बंद?"

"चालू."

"मग झाली की चाचणी!" आणि खांद्यावर हात ठेवला.

कारण मला नंतर कळलं. ते छोटं विमान बाहेरच्या कामाला द्यायची कंपनीला परवानगीच नव्हती. मी मात्र त्या दिवशी विचारलं नाही. नियमाचं पुस्तक तोंडपाठ असलेला, पुठ्ठा घेऊन भांडणारा, कामगारांच्या हक्कांवर पत्रकं काढणारा मी. मी लिहिलं, 'यंत्रचाचणी, दोन तास तीस मिनिटं.' माझ्या हाताने, माझ्या अक्षरात. चाचणीची वही वेगळी असे आणि तिच्यावरून पुठ्ठा सरकत नसे. चाचण्या म्हणजे पाच-दहा मिनिटांच्या, जमिनीलगतच्या. त्या मोजायची कुणाला सवय नव्हती.

त्या वैशाखात तीस दिवसांच्या आत आणखी एक मांडव झाला, मुलुंडला. घाटकोपरला शाळेची कोनशिला झाली. आणि मढला शूटिंग झालं. शूटिंग म्हणजे तीन दिवस. नायिका किनाऱ्यावर धावणार आणि वरून विमान जाणार. नायिका धावली की विमान पुढे गेलेलं असे, विमान वेळेवर आलं की नायिकेचा पदर काट्यात. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. कॅप्टन इतक्या खालून उडाले, की कोळणींनी वाळत घातलेले बोंबील वाऱ्याने वाळूत गेले. एक बाई कोयता उगारून विमानामागे धावली म्हणे. कॅप्टनना ते इतकं लागलं की चौथ्या दिवशी, सुट्टी असून, होडीतून मढला गेले आणि त्या बाईची माफी मागून आले. बरोबर टोपलीभर बोंबील घेऊन आले, ते निम्मे मला दिले. हे सगळे तास चाचणीच्या वहीत. मढचे, मुलुंडचे, बोरिवलीचे. यंत्राची इतकी चाचणी जगात कुठे झाली नसेल!

आणि मग ती दुपार. वैशाख सरत आलेला, आभाळात धुरळा. कॅप्टन नागपूरहून माल भरलेली डाकोटा घेऊन येत होते. सांताक्रूझची आणि जुहूची, दोन्ही धावपट्ट्या शेजारी शेजारी आहेत, हे पार्ल्यात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. वरून तर हाताच्या दोन बोटांइतक्या जवळ. विमान यायची वेळ झाली, आवाज आला, म्हणून मी खिडकीतून बघितलं, तर विमान दिसेना. आवाज पश्चिमेला गेला, एकदम वाढला, वळला, आणि मग डाकोटा आली आणि नीट उतरली.

ठोकळे लागले. कॅप्टन चालत माझ्या टेबलाशी आले. टोपी हातात.

"लिही."

"काय लिहू?"

"नऊ मिनिटं उशीर. कारण, वैमानिक जुहूला उतरायला निघाला होता."

मला वाटलं थट्टा. पण ते हसत नव्हते.

"चाकं खाली, सगळं झालं, धावपट्टी समोर. आणि मला दिसले माड. म्हटलं, इथे माड कुठून आले? मग खाली क्लबाचं शिकाऊ विमान दिसलं रे. उडायला म्हणून पट्टीच्या तोंडाशी उभं होतं. मी त्याच्या डोक्यावरून वर काढलं." ते खुर्चीत बसले. "महिनाभर फुलं टाकून जुहूला परततोय. हाताला तीच वाट लागली. डोकं झोपलेलं होतं आणि हात विमान आणत होते."

मी दोन्ही वह्या काढल्या. आयुष्यात पहिल्यांदा चाचणीच्या वहीतले तास पहिल्या वहीत पेन्सिलीने उतरवले आणि पुठ्ठा ठेवला. पहिल्या वहीप्रमाणे कॅप्टन मर्यादेच्या दोन तास आत होते. पुष्पवृष्टीचे आणि मढचे मिळून अकरा. म्हणजे मर्यादेच्या नऊ तास बाहेर.

"कॅप्टन, तुम्हाला माहीत नव्हतं? पुठ्ठा तुमचाच ना?"

त्यांनी टकलावरून हात फिरवला. "फुलं टाकणं म्हणजे काय उडणं आहे का, तावडे? ती तर मजा होती."

हे मी लपवत नाही. वैमानिकाने स्वतःचे तास स्वतः सांभाळायचे असतात, ती त्यांची चूक. आवडीचं काम थकवत नाही असं त्यांना वाटलं. त्यांच्या स्वतःच्या उड्डाणवहीत त्यांनी सगळं खरं लिहिलं होतं, 'पुष्पवृष्टी, बोरिवली' असं टपोऱ्या अक्षरात, पण तिची बेरीज मारली नव्हती. आणि माझी चूक त्याहून मोठी. बेरीज मारायचं काम माझं होतं.

मी पानसेसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "चाचणीचे तास तुम्ही आजवर कधी धरलेत का? मग आजच का?" मी म्हटलं, माणूस मेला असता. ते म्हणाले, "मेला नाही ना?" आणि चहा मागवला.

आता इथे शहाणा माणूस काय करील? कॅप्टनशी बोलेल. दोघं मिळून सरकारी अधिकाऱ्याकडे जातील, वह्या समोर ठेवतील. मी काय केलं? मी पत्रक काढलं. मला तेवढंच येत होतं. 'वैमानिक की घाण्याचा बैल?' असा मथळा. खाली कॅप्टन दिघे यांचं नाव ठळक, तीस दिवसांचे तास, मर्यादेवर नऊ, कुठे फुलं टाकली, कुठे शूटिंग केलं, सगळी यादी. शेवटी 'या पिळवणुकीचा जाब विचारा!' आणि सही, 'एक कामगार'. श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी गेटवर वाटलं. काय झकास वाटलं मला त्या दिवशी! लोक उभे राहून वाचत होते.

आठवड्याने सरकारी अधिकारी आले. माझ्या पत्रकाची घडी त्यांच्या फायलीत होती. कंपनीने कागद दाखवले. पहिल्या वहीत कॅप्टन मर्यादेच्या आत. चाचणीच्या वहीत नुसत्या चाचण्या. पुष्पवृष्टी अशी कुठे नोंदच नाही. ती होती फक्त कॅप्टनच्या स्वतःच्या उड्डाणवहीत, त्यांच्याच अक्षरात, आणि माझ्या पत्रकात. पानसेसाहेबांनी दोन्ही एकाशेजारी एक ठेवलं आणि म्हणाले, आम्ही चाचणीला विमान दिलं, साहेब. हे गृहस्थ ते घेऊन गावभर फुलं टाकत फिरत होते, आम्हाला काय कल्पना? बघा, त्यांचेच मित्र छापून सांगतायत.

असं करून ते प्रकरण अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आलं. कागद हातात घेऊन कॅप्टन उभे होते. मी उठलो आणि म्हणालो, "चाचणी मी लिहिली. तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिली."

"मी सांगितलं असं कुठे लिहिलंय, तावडे?" पानसेसाहेबांनी अगदी प्रेमाने विचारलं.

कुठेच नव्हतं. ठोकळे लागल्याचं मिनिट लिहून ठेवणाऱ्या मी तेवढं एक लिहिलं नव्हतं.

कॅप्टननी कागदाची घडी केली, टोपीत ठेवली. "तावडे, किती वाजले?"

"दहा वीस."

"लिहून ठेव. ठोकळे लागले."

त्या आठवड्यातच मलाही काढलं. मी हल्ली साकीनाक्याच्या एका कारखान्यात हजेरी लिहितो.

पंधरा दिवस मला कॅप्टनच्या घरी जायचा धीर झाला नाही. मग एका रविवारी अंधेरीला गेलो. दार दिघेवहिनींनी उघडलं. कॅप्टन आतल्या खोलीत शेजाऱ्यांचा पंखा उघडून बसले होते. वहिनींनी पाणी दिलं आणि कपाटातून माझं पत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं.

"हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो."

"छान लिहिलंय. वाचून मला रडू आलं." मग म्हणाल्या, "यात नाव कुणाचं आहे हो, तावडे?"

"कॅप्टनचं."

"त्यांना विचारलं होतंत?"

"नाही."

"आणि खाली सही कुणाची आहे?"

"एक कामगार."

"म्हणजे नाव त्यांचं आणि सही कुणाचीच नाही."

आतून कॅप्टनचा आवाज आला, इंजिनावरचा. "अगं, पोराला चहा दे! फाशी नंतर दे!" आणि मग मला, "तावड्या, इकडे ये. हा स्क्रू धर. पत्रकात बोरिवलीच्या दुसऱ्या मांडवाचं लिहिलं नाहीस रे? तोच तर खरा विनोद होता."

मी स्क्रू धरून बसलो. रागाचा एक शब्द ते मला बोलले नाहीत. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "बैल मात्र नको होतं. बैलाला उडायची हौस नसते."

म्हणून हा लेख मी कॅप्टनना आधी दाखवला. वहिनींनीही वाचला. त्यांनी दोन ठिकाणी 'अन्याय' खोडला. तो एकदाच पुरे, म्हणाल्या. आणि खाली माझं पूर्ण नाव आहे.

कॅप्टननी दाद मागितली आहे. दोन सुनावण्या झाल्या. बाबीकाका स्वच्छ धोतर नेसून साक्षीला गेला. अधिकाऱ्यांनी विचारलं, तुम्हाला काय माहीत? तो म्हणाला, "फुला मी टाकलंय, सायबानु. चाचणीक फुला लागतत काय?" अधिकारी हसले. हसले, पण म्हणाले, हमालाला विमान कुणी मागवलं ते कसं कळणार? मी साक्ष दिली, तर कंपनीचा वकील म्हणाला, हा काढून टाकलेला कारकून, पत्रकं वाटणारा, चाचणी याच्याच अक्षरात आहे. त्याचंही खरंच आहे.

दिवाळीनंतर शेवटची सुनावणी आहे. आरोप कायम राहिला तर कॅप्टनचा परवाना कायमचा जाईल. तासांच्या चुकीची शिक्षा ते घ्यायला तयार आहेत. चोराची शिक्षा घ्यायला नाहीत. अधिकाऱ्यांना एकच गोष्ट हवी आहे, कंपनीच्या बाहेरचा एक माणूस, जो सांगेल की पुष्पवृष्टीसाठी विमान आम्ही कॅप्टनकडे नव्हे, कंपनीच्या हापिसात मागितलं होतं.

असा माणूस शोधत मी सगळीकडे फिरलो. बोरिवलीचे वधूपिते म्हणाले, कंपनीशी आमचे संबंध आहेत, वाद नको. मुलुंडच्यांनी सांगितलं, आठवत नाही. फुलं आठवत नाहीत! शाळेच्या हेडमास्तरांनी बाकावर बसवून सरबत दिलं आणि म्हणाले, कमिटीला विचारतो. अजून विचारतायत.

पण त्या मांडवांत शेकडो माणसं होती. ठरवाठरवीच्या वेळी कोण पानसेसाहेबांकडे गेलं होतं, कुणी हापिसात टेलिफोन केला होता, हे घरातल्या, कमिटीतल्या, शूटिंगच्या मंडळींतल्या दहाजणांना तरी ठाऊक असणार. हा अंक त्यांच्या घरी येतो. म्हणजे कदाचित तुमच्याच घरी. गेल्या वर्षीच्या वैशाखात, बोरिवलीला, मुलुंडला, घाटकोपरला किंवा मढला तुम्ही मान वर करून ते विमान बघितलं असेल आणि ते कुणाकडून आलं हे तुम्हाला माहीत असेल, तर फराळाचं ताट बाजूला सारा, एक कागद घ्या, काय माहीत आहे ते चार ओळींत लिहा. खाली 'एक पाहुणा' लिहू नका. तुमचं नाव लिहा, पत्ता लिहा, सही करा आणि तो कागद आजच्या टपालाने या अंकाच्या संपादकांकडे पाठवा.

— यशवंत तावडे